विमानाच्या झाकणातली वीण

परवा सदर भागात एका दुकानाबाहेर फायबरच्या पाटीची डागडुजी चालली होती आणि रेझिनचा तो उग्र, गोडसर वास नाकात शिरताच मला हिंगण्याच्या आमच्या वर्कशॉपच्या शेडमधली एक दुपार आठवली. एका जुन्या दोन आसनी विमानाचं इंजिन फार तापायचं, म्हणून मी हवा नीट खेळवणारं नवं झाकण त्याच्यासाठी तयार करत होते. आराखडा चोख होता, पण रेझिनमध्ये भिजवून साच्यावर चढवायचं काचेच्या धाग्यांचं कापड त्याच्या गोलाईवर बसेना. सुरकुत्यांमुळे दोन झाकणं वाया गेली होती आणि विमानाचा मालक ते भंगारात काढायचं म्हणत होता. त्या दुपारी बाबा माझा घरी राहिलेला डबा घेऊन आले. उमरेडला त्यांचं अर्धं आयुष्य हातमागावर गेलं होतं. त्यांनी कापड बोटांनी चाचपलं आणि म्हणाले, “सरळ काहून लावून राहिली वं? तिरपं काप, आपोआप वळन ते.” मी तिरपं कापलं आणि कापड साच्यावर अलगद बसलं. झाकण तयार झालं तेव्हा ते मुद्दाम पाहायला आले. “रंग मारशीन काय याच्यावर?” “मारावाच लागतो, बाबा.” “मंग वीण नाही दिसणार,” असं म्हणून ते कितीतरी वेळ त्यावरून हात फिरवत राहिले. मी चाचणीच्या घाईत होते. विमान उडालं, इंजिनही तापलं नाही. आता बाबा नाहीत. तपासणीसाठी झाकण उघडलं की आतल्या बाजूला, जिथे रंग लागत नाही, तिथे ती तिरपी वीण अजून स्वच्छ दिसते. ते उलटं करून त्यांना दाखवायचं मला तेव्हा सुचलंच नाही.