मालिनीबाईंच्या गाडीतला देव

डॉ. मालिनीबाई यंदा पंचाहत्तर वर्षांच्या झाल्या. त्यांची-माझी पहिली भेट विद्यापीठाच्या मानववंश संग्रहालयात झाली. मी कारापूरचा, नोकरीवर नवा. देशोदेशीच्या मुखवट्यांच्या दालनात पाऊल टाकताच माझ्या अंगावर काटा आला. ते दालन सांभाळणाऱ्या बाईंच्या हे लक्षात आले. "मीही पहिल्यांदा भ्यायले होते," असे म्हणत त्या माझ्याबरोबर शेवटच्या कपाटापर्यंत चालत आल्या. मुळगावच्या शेतकरी घरातून आलेल्या या विदुषींनी मोठेपणा कधी मिरवला नाही.

एका दुपारी हरमलकडची चार-पाच माणसे जीप घेऊन आली. पुढे एक आजी, कडेवर तापाने फणफणलेली नात. त्यांच्या गावच्या उत्सवातला, तडा गेलेला लाकडी मुखवटा गावाने आम्हाला दिला होता. देव गावाबाहेर गेला म्हणून कोपला, अशी आता त्यांची खात्री झाली होती. पोरीचे डोळे फिरले होते. ती इथेच गेली तर?

"आमचो देव आमकां दी गे बाय. चेडूं हातचें वता," पोर हातची जाईल या भीतीने आजी रडत म्हणाली.

नियमानुसार वस्तू बाहेर नेता येत नव्हती. मी तसे बाईंच्या कानाशी पुटपुटलो. त्यांनी माझ्याकडे पाहिलेही नाही. त्या थेट कपाट उघडायला गेल्या. घाईत किल्ली निसटून खाली पडली, ती उचलून त्यांनी कपाट उघडले. मुखवटा त्यांनी आजीच्या ओटीत ठेवला.

"घे गे आजये. पूण आतां इस्पितळांत वचूंया. देव आमच्यावांगडा येतलो."

देवाला बरोबर घेऊनच आम्ही इस्पितळाकडे निघालो; गाडी त्यांनी स्वतः चालवली. पोरीचे डोके मांडीवर घेऊन मी मागे बसलो होतो. तिचा श्वास चालू आहे ना, हे पुन्हा पुन्हा पाहत होतो. आणखी उशीर झाला असता तर काही हाती लागले नसते, असे डॉक्टर म्हणाले. दुसऱ्या दिवशी तिने चहा-पाव मागितला, तेव्हा कुठे आम्हाला धीर आला.

पुढे चौकशी झाली. बाईंनी सारे स्वतःवर घेतले; माझे नावही येऊ दिले नाही. मुखवटा गावाला कायमचा मिळावा म्हणून त्याच झगडल्या, आणि तो गावी परत गेला.

अलीकडेच बाईंच्या हृदयावर शस्त्रक्रिया झाली. तेव्हापासून अवेळी फोन वाजला की माझ्या छातीत धस्स होते. परवा भेटायला गेलो, तर दारात मीच अडखळलो. त्या अंथरुणावरून म्हणाल्या, "आत या. असे काय बघता? आहे मी!"

हे शब्द आम्हा सर्वांना अजून पुष्कळ वर्षे, त्यांच्या खणखणीत आवाजात, ऐकायला मिळोत.