शालींचं गाठोडं

नळदुर्गात हायवेच्या कडेला माझा पाट्या आणि चित्रं रंगवायचा गाळा आहे. कुणी भाव विचारला की माझी जीभ टाळ्याला चिकटते. "द्या काय द्यायचं ते" हे वाक्य मी आयुष्यात इतक्यांदा म्हटलंय, की गाळ्यावर माझ्या नावाऐवजी तेच रंगवलं असतं तरी चाललं असतं. लोकही आज्ञाधारक. काय द्यायचं ते देतात, म्हणजे शाल, नारळ आणि वर एक भाषण. भाषणात मी तालुक्याचं भूषण असतो. भूषणाचं गाळाभाडं थकलं की मात्र तालुका फिरकत नाही.

बायकोला मी कबूल केलं होतं: दिवाळीपर्यंत चित्रांवर घर चाललं नाही, तर ब्रश ठेवून द्यायचा आणि मेव्हण्याच्या फ्लेक्सच्या दुकानात बसायचं. मेव्हणा चांगला माणूस आहे. भावी सरपंचांना तो इतकं गोरं करतो, की त्यांच्या आईलाही ते ओळखू येत नाहीत. पण त्या दुकानात ब्रशला काही काम नाही.

त्याच दिवसांत मेडिकलवाल्या मित्रानं तो खेळ आणला. हा पुण्यात नोकरी करून परतलेला, खेळही तिथंच शिकलेला. रविवारी दुपारी ढाबेवाल्या दोस्ताच्या मागच्या खोलीत आम्ही तिघं बसायचो. मेडिकलवाला गोष्ट सांगणार, आम्ही दोघं त्यातली पात्रं होणार, आणि पात्राचं पुढं काय झालं ते वीस बाजूंचा एक फासा ठरवणार. ढाबेवाला योद्धा झाला. मी म्हटलं, मी चित्रकार.

"इथं बी?" ढाबेवाला म्हणाला. "आरं, तलवार फुकट मिळायलीय, घे की!"

मी ऐकलं नाही. मग प्रश्न आला, चित्रकारानं कमवायचं कसं? मूळ नियम सोपा होता. कला दाखवायची, फासा टाकायचा, आकडा चांगला आला तर नाणी, वाईट आला तर उपाशी. आम्हाला ते काही पटेना. बाहेरच्या देशात चालत असेल तसं. आम्ही आपल्याकडचा नियम केला: लहान आकड्याला नुसतं 'वा वा', मधल्याला जेवण, मोठ्याला गावासमोर सत्कार, आणि वीसच पडले तर सत्कार अधिक फेटा. हे ठरवताना तिघांपैकी कुणालाही हसू आलं नाही. पैशाची कुणाला आठवणच झाली नाही, मलासुद्धा नाही.

आणि माझा फासा पडायचा तरी कसा! राजवाडा रंगवला, शाल. देवळाची कमान रंगवली, शाल आणि फेटा. राणीचं चित्र काढलं, पुन्हा शाल. कारण राणी, म्हणजे आवाज बारीक करून बोलणारा मेडिकलवाला, म्हणाली, "आपल्यात कसले पैसे?" पण या खेळात ओझ्यालाही नियम असतो. गाठोडं वाढत गेलं तसा माझा चित्रकार हळू चालायला लागला. योद्धा पुढं, मी मागं, सत्काराचे नारळ फोडून खात. शेवटी घाटात दरोडेखोरांनी गाठलं. गाठोडं सोडून बघतात तर आत शालीच शाली. त्यांचा म्होरक्या हळहळला आणि त्यानं स्वतःच्या अंगावरची शाल काढून मला पांघरली.

ढाबेवाला हसून हसून लोळला. मी फासा भिंतीवर फेकून मारला. खेळात तरी माणसानं जरा बरं जगावं की नाही?

मेडिकलवाला गंभीर झाला. म्हणाला, "चुकलंच आपलं. आता नवा नियम. भाव आधी तोंडानं सांगायचा. त्याबिगर फासा टाकायचा न्हाय. आमच्या आप्पांचं असंच असायचं."

खरं होतं ते. आप्पा म्हणजे त्याचे वडील, गेल्या वर्षी वारले. मेडिकलची पाटी मीच रंगवली होती. "भाव सांग, मग पाटी नेतो," असं म्हणून ते माझ्या गाळ्यात स्टूल ओढून बसले होते, मी आकडा बोलेपर्यंत. तसं गिऱ्हाईक पुन्हा भेटलं नाही.

नव्या नियमानं माझा चित्रकार सुधारला. खेळातल्या राजाला मी बेधडक भाव सांगायला लागलो. अशात दसऱ्याच्या आधी मेडिकलवाला घरी आला. आप्पांच्या वर्षश्राद्धाला त्यांचं मोठं तैलचित्र हवं होतं.

चहा संपवून म्हणाला, "आप्पांचं चित्र दुसऱ्या कुणाकडं न्हाय देणार. अन् गड्या, त्या दिवशी समद्या गावासमोर तुझा सत्कार करायचा."

"आन् तुझा नियम?" मी विचारलं.

"आरं, खेळ येगळा. आपल्यात कसले पैसे?"

राणीचंच वाक्य, फक्त आवाज स्वतःचा. मला संताप आला. वाईटही वाटलं, कारण आप्पांचा चेहरा मला मनापासून रंगवायचा होता.

"तुझे आप्पा माझ्या गाळ्यात स्टुलावर बसून राहिले होते," मी म्हटलं.

त्यानं रिकामा कप खाली ठेवला. मग म्हणाला, "बरं. सांग, किती?"

आता नुसता एक आकडा बोलायचा होता. दिवाळी तोंडावर आली होती, मेव्हण्यानं माझ्यासाठी खुर्चीसुद्धा बघून ठेवली होती. मी तोंड उघडलं.

"दे..." मी म्हणालो, "दे काय..."

"आठ हजार!" स्वयंपाकघरातून बायकोचा आवाज आला. "अर्धे आगाऊ."

मेडिकलवाला दचकला. "वहिनी, जरा कमी..."

"शाल-नारळ आणू नका, भावजी. त्याचे कमी करते."

आप्पांचं चित्र झालं, दिवाळीही झाली, आणि मी अजून माझ्याच गाळ्यात बसतो. भाव विचारायला मात्र लोक आता घरी येतात. आणि खेळात म्हणाल तर, बायकोनं भाव सांगितला त्याच्या पुढच्याच रविवारी मेडिकलवाल्यानं गोष्ट सुरू करायच्या आधी माझ्या पात्राचं लग्न लावून दिलं.