नानांनी खाडीत तंबू ठोकला तेव्हा

माझे वडील हट्टी होते.

आज त्यांना जाऊन वर्ष झालं म्हणून खोटं कशाला लिहू?

सावद्याचे केळीवाले. बागेला पाणी कधी सोडायचं, घड कधी कापायचे, हे नाना ठरवणार. घरातल्या पोरांनी काय शिकायचं, तेही नानाच.

माझा धाकटा भाऊ तुषार न्यूझीलंडला नोकरीला गेला, ते मात्र नानांना थेट व्हिसा आल्यावर कळलं.

आधी सांगितलं असतं तर जाऊच दिलं नसतं, हे तुषारचं गणित. गणित बरोबरच होतं. पण नानांना ते फार लागलं.

त्यानंतर तुषारचा फोन आला की नानांचं एकच वाक्य.
"घे, तुह्या आईशी बोल."

अशी कित्येक वर्षं गेली.

मग तुषारने तिकिटंच पाठवली. आईने गुडघे दाखवले आणि सोबत म्हणून मला धाडलं. धुळ्यातल्या शाळेत रजा टाकून मी निघाले, दोन मुक्या माणसांची दुभाषी म्हणून.

तिथे गेल्यावर कळलं की तुषारसाहेबांनी ट्रेक ठरवलाय. समुद्राच्या कडेकडेने चार-पाच दिवस चालायचं, पाठीवर सॅक, रात्री तंबूत.

मला वाटलं नाना नाही म्हणणार. नाना म्हणाले, "चालनं काय, रोजचंच शे."

आणि चालले की! सदरा, पायजमा, खाली तुषारने आणलेले स्पोर्ट्स शूज. समोरून येणारे गोरे लोक "हॅलो" म्हणायचे, नाना "राम राम" म्हणायचे. दोन्हीकडून समाधान.

एका बाजूला दाट जंगल, दुसऱ्या बाजूला निळंहिरवं पाणी. संध्याकाळी छोट्या गॅसवर खिचडी. एकदा तर तुषारने सोबत आणलेला मसाला टाकून शेवभाजी केली. नानांनी दोनदा घेतली, पण चांगली झाली असं म्हणाले नाहीत.

बोलणं सगळं माझ्यामार्फत.
"त्याले इचार, आजून किती लांब."
"नानांना सांग, तासभर."
दोघांमध्ये अंतर हातभर. मी मध्ये पोस्ट ऑफिस.

तिसऱ्या दिवशी दुपारी एका खाडीशी पोचलो. पाणी पार ओसरलेलं. लांबच लांब सपाट, घट्ट वाळू, मधून एक बारीक धार. अगदी उन्हाळ्यातली तापी.

नानांचा चेहरा खुलला. पात्रातल्या टरबुजाच्या वाड्यांवर त्यांचं बालपण गेलेलं. वाळू दिसली की ते तिथेच बसणार.

"तंबू इठीच लावा. जेवू, पडू जरासं."

तुषारने वरच्या गवताकडे पाहिलं. काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि मिटलं.

नानांनी डोंगराकडे पाहिलं, आभाळाकडे पाहिलं. ढगाचा ठिपका नाही.
"वरती पाऊस नही. पानी येईन कुठून?"

नदीकाठच्या माणसाचा हिशोब. पूर येतो तो वरून येतो. पाणी खालून, उलटं चढत येतं, हे आमच्या सात पिढ्यांत कोणी पाहिलेलं नाही.

तंबू लागला. तुषारने मुकाट्याने तिघांच्या सॅक उचलून वर गवतावर नेऊन ठेवल्या. मला वाटलं, मुंग्या असतील.

जेवलो. नाना तंबूत आडवे झाले.

थोड्या वेळाने आतून आवाज आला, "अरे, खालून वलं कसं लागतंय?"

बाहेर येईपर्यंत पाणी घोट्याला. आम्ही खुंट्या उपटतोय तोवर गुडघ्याला. नानांचा एक बूट डुलत डुलत जंगलाच्या दिशेने निघाला, तुषार त्याच्या मागे. मी हसू आवरत तंबू ओढतेय.

वर गवतावर आलो. तिथे तिन्ही सॅक कोरड्या ठणठणीत.

नानांनी सॅककडे पाहिलं. मग कितीतरी वर्षांनी सरळ तुषारकडे पाहिलं.

"तुले माहीत होतं?"

"हो."

"मंग सांगितलं काबरं नही?"

"सांगितलं असतं तर तुम्ही ऐकलं असतं का, नाना?"

हे खाडीबद्दल चाललेलं नव्हतं, ते तिघांनाही कळत होतं.

नाना ओला पायजमा पिळत राहिले. मग म्हणाले,
"नसतं ऐकलं. पन तू सांगायचं ना. मी नही म्हनलो असतो, भांडलो असतो. पन मले आधी सांगायचं."

तुषार रडला. नाना त्याला उगी राहा म्हणाले नाहीत. त्याच्या पाठीवर हात ठेवून पाणी चढताना बघत बसले.

पुढे दोघं बरोबर चालले. भरती-ओहोटी म्हणजे काय, ते तुषार समजावून सांगत होता. तिथी तोंडपाठ असलेले नाना अष्टमीला काय होतं, अमावास्येला काय होतं, असं एकेक विचारून घेत होते. ट्रेक संपेपर्यंत मला कोणी हाक मारली नाही. अपमान मी आयुष्यात एवढ्या आनंदाने कधी सहन केला नसेल.

नंतर तुषारचा फोन थेट नानांना यायला लागला. नोकरी बदलतोय. गाडी घेतोय. दाढी ठेवतोय.
नाना प्रत्येक गोष्टीला नाही म्हणायचे. तुषार प्रत्येक गोष्ट करायचा. पण सांगून.

मागच्या वर्षी नानांना जळगावला ॲडमिट केलं. तुषार निघाला, पण पुढचं विमान लांबलं आणि तो मधल्याच एका विमानतळावर अडकला. तिथून फोन आला.

मी म्हटलं, "डॉक्टर म्हणतात, त्यांना ऐकू येतंय की नाही, सांगता येत नाही."

तो म्हणाला, "असू दे, ताई. कानाशी धर."

मी धरला. मला सगळं ऐकू येत होतं. विमान लेट आहे. चहा घेतला, बेचव आहे. बाहेर पाऊस आहे.

मग म्हणाला, "नाना, तिकडेच घर घ्यावं म्हणतोय. अजून ठरवलं नाही. तुम्हाला विचारून ठरवणार."

आणि तो थांबला.
नाना नाही म्हणतील, एवढा वेळ थांबला.

नाना त्याच दुपारी गेले.

नाना, तुम्हाला तुषारचा आणि माझा मनापासून नमस्कार.