सुलभाने सोडवलेली पायरी

मुंबई विमानतळावर आईबाबांबरोबर सुलभाही पुण्याहून मला आणि माझ्या लहान मुलीला सोडायला आली होती. बाबांचं एकच चाललं होतं, "पोचलीस की कळव." नवरा आधीच कतारला गॅस प्रकल्पावर रुजू झाला होता आणि मलाही दोह्यातल्या एका संशोधन संस्थेत जागा मिळाली होती. आत जायची वेळ झाली तेव्हा सुलभाने पर्समधून आमच्या दोघींच्या रिसर्च पेपरची अंतिम प्रत काढून हातात दिली. पहिलं नाव माझं होतं.

"तुला नव्या जागी उपयोगी पडेल," ती म्हणाली. "मी काय, इथेच आहे."

मी "अगं, पण" एवढंच म्हटलं आणि कागद बॅगेत ठेवले.

सुलभाने आणि मी एकाच सरांकडे पीएचडी केली. एखादा प्रोग्राम शंभरदा चालवून बघितला तरी एकशेएकाव्यांदा तो चुकणार नाही याची खात्री नसते. तो चुकूच शकत नाही हे गणिताने सिद्ध करायचं, हे आमचं काम. त्या पेपरातली सिद्धता एका पायरीवर अडली होती. मी हात टेकले होते. दोन महिने डोकं लढवून ती पायरी सोडवली सुलभाने, एकटीने.

दोह्यात तेव्हा फुटबॉल वर्ल्ड कपची तयारी चालू होती. अल नस्रमधल्या आमच्या घरापासून ऑफिसचा रस्ता सारखा बदलायचा. कालचा सिग्नल आज पत्र्याआड गेलेला असायचा. ऑफिसात इंग्रजी, दुकानात हिंदी, आणि सकाळी मुलीला शाळेच्या बसकडे पिटाळताना माझ्याही तोंडी अरबी "यल्ला", म्हणजे चल चल. मुलगी मराठीत विचारलेल्याला इंग्रजीत उत्तर देऊ लागली. या सगळ्यात आमचा पेपर मात्र लोकांनी उचलून धरला. दरवर्षी ऑफिसातल्या रिव्ह्यूत माझी सायटेशन्स, म्हणजे इतरांनी त्या पेपरचे दिलेले संदर्भ, वाढलेली दिसत. ती पायरी वापरणारे तिला 'सोमण मेथड' म्हणू लागले. सोमण म्हणजे मी. सुरुवातीला प्रत्येक भाषणात मी सुलभाचं नाव घ्यायचे. मग वेळ कमी असला की राहायचं. मग राहूनच गेलं.

एकदा तिचा फोन आला. तिच्या कॉलेजात प्रोफेसरच्या जागेसाठी मुलाखती होत्या आणि निवड समितीला तिच्या नावावर फारसं काही दिसत नव्हतं. ती पायरी तिची आहे, एवढं पत्र मी द्यावं, असं तिचं म्हणणं होतं.

"दोन ओळी पुरेत गं," ती म्हणाली.

माझं कॉन्ट्रॅक्ट त्याच महिन्यात रिन्यू व्हायचं होतं. ज्या कामाच्या जोरावर ते होणार, ते माझं नाही असं सही करून द्यायचा मला धीर झाला नाही. देते, म्हणाले. पुढच्या आठवड्यात नक्की, म्हणाले. तिसऱ्या आठवड्यात पत्र पाठवलं, तोवर मुलाखत होऊन गेली होती. जागा दुसऱ्याला मिळाली.

पुढच्या सुट्टीत तिच्याकडे गेले. तिने थालीपीठं लावली, माझ्या मुलीची चौकशी केली. जुन्या सवयीने मी नव्या सिद्धतेबद्दल सांगू लागले, कागद ओढून आकृतीही काढली. तिने शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"मला आता यातलं समजत नाही गं," ती म्हणाली. "वाचणंच सुटलं."

परीक्षांची वेळापत्रकं लावायचं काम तिच्याकडे आलं होतं. दिवस त्यातच जायचा.

दोह्याला परतल्यावर पुढच्या पेपरात मी स्पष्ट लिहिलं की ती पायरी सुलभाची, माझी नव्हे. कुणी जाब विचारला नाही. माझं काहीच बिघडलं नाही, आणि त्याचीच जास्त लाज वाटली. छापून आलेलं तिला पाठवलं. तिचं उत्तर आलं, "वाचलं. छान लिहिलंयस. परीक्षा चालू आहेत, नंतर बोलू." ते बोलणं अजून झालेलं नाही.

मुलीची शाळा संपली की आपण घरी परत जाऊ, असं नवरा म्हणतो. त्याने कोथरूडला फ्लॅटही बघून ठेवलाय, सुलभाच्या घरापासून चालत दहा मिनिटांवर. मी हो म्हणते. पीएचडीच्या दिवसांत मी तिच्याकडे दिवसातून दोनदा जायचे, दार ढकलून थेट स्वयंपाकघरात. आता जाण्याआधी मला फोन करावा लागेल.