सलूनवाल्या काकांचे हात

सलूनवाले काका मांजराशी बोलतानाही खुणा करतात. फोनवरसुद्धा करतात, मोबाइल खांद्यात दाबून. शिंक येणार असेल तर आधी हाताने कळवतात, मग शिंकतात. आणि गिऱ्हाइकाशी बोलायचं झालं की कात्री खाली ठेवतात. त्यामुळे गप्पिष्ट माणसाचे केस कापायला अख्खी सकाळ जाते.

त्यांच्या लेकीला ऐकू येत नाही. ती लहान असतानाच काकांनी नियम केला होता: तिच्यापासून काही लपवायचं नाही, तोंड उघडलं की हातही चालले पाहिजेत. पुढे सवय हाडीमाशी खिळली. घोटाळा एकच झाला. दोन्ही एकदम चालवताना तोंडाला भीड पडायची, हातांना नाही. तोंड म्हणायचं, "वा, काय केस आहेत!" हात सांगायचे, "वर्षभरात चमनगोटा." कोपऱ्यात टॉवेलच्या घड्या घालणारी लेक फिसकन हसायची. गिऱ्हाइकाला काय कळणार?

त्या दिवशी मात्र खुर्चीत लेकीने पसंत केलेला मुलगा बसला होता. सुतारकाम करणारा. त्यालाही ऐकू येत नव्हतं. शेजारी त्याची मावशी. तिला सगळं ऐकू येत होतं, जरा जास्तच. लेकीने सकाळीच हातवारे करून बजावलं होतं, "बाबा, आज हात खिशात!" पण हात खिशात घालून केस कसे कापणार?

उजवी बाजू निर्विघ्न पार पडली. मग मावशीने विचारलं, "काय मग, कसा वाटला आमचा मुलगा?"

काकांनी कात्री ठेवली.

"लाखात एक!" तोंड म्हणालं.

"कान बघ केवढे! सुपासारखे!" हात म्हणाले.

लेकीच्या हातातला टॉवेल गळाला. समोर आरसा होता आणि आरशात मुलाचे डोळे. काकांनी झटकन हात खिशात घातले. पोरीचं लग्न आपल्याच हातांनी मोडलं!

मुलाने कापडाखालून हात बाहेर काढले. सावकाश खुणा केल्या. "ऐकायच्या कामाचे नाहीत. निदान दिसायला तरी भरपूर असावेत."

लेक खाली वाकून हसली. काका आधी हातांनी हसले, मग तोंडाने.

"काय म्हणाला तो?" मावशी खुर्चीवरून अर्धी उठली.

"जमलं म्हणाला," तोंड म्हणालं. हातांनीही तेच सांगितलं.

मग गप्पा रंगल्या. काका कात्री उचलायचे, मुलगा हातांनी काहीतरी बोलायचा, काका कात्री ठेवायचे. शेवटी मावशीने त्याला ओढत नेलं. उजवा कान उघडा, डावा केसांत दडलेला.

डावी बाजू रविवारी पुरी करायचं ठरलं. रविवारी मुलगा आला, खुर्चीत बसला आणि पुन्हा बोलायला लागला.