तेरा दिवसांचं निंदण

संशय घेण्याची खोड मला लहानपणापासूनची. घरी आलेला पाहुणा ठरल्यापेक्षा लवकर निघाला, तरी मला वाटायचं, याचं काहीतरी काळंबेरं आहे. मास्तर झाल्यावर ही खोड कामाचीच ठरली, निदान माझा तसा समज होता.

महाराष्ट्र राज्य तेव्हा नवं नवं होतं. मेहकरजवळच्या एका हायस्कुलात मी गणित शिकवायचो. शाळेच्या वसतिगृहात आठवीसाठी मोजक्या जागा असत आणि त्यांच्यासाठी लेखी आणि तोंडी परीक्षा होई. शेगाव-चिखलीकडची दुकानदार-नोकरदारांची पोरं येत, तशी खेड्यापाड्यांतली मजुरांचीही येत. पेपर काढायचा मी आणि तपासायचाही मीच.

त्यात निंदणाचं, म्हणजे शेतातलं तण काढण्याचं, एक गणित होतं. सहा बायका एक शेत सहा दिवसांत निंदतात, तर तीन बायका ते किती दिवसांत निंदतील? उत्तर बारा. तपासता तपासता एकाचं तेरा निघालं. मग दुसऱ्याचं तेरा, तिसऱ्याचंही तेरा. अकरावं तेरा हाती आलं तेव्हा माझं डोकं फिरलं. सगळी खेड्यांतली पोरं. चुकायचंच तर माणूस कसाही चुकतो, इतकी जणं एकसारखी कशी चुकतील? मी लाल शाईनं अकराही पेपरांवर ‘नक्कल’ लिहून मोकळा झालो.

त्यात एका मुलीचा पेपर होता. बाकी सगळी गणितं बरोबर. बौद्ध मजुराच्या घरची पोर. गावची शाळा सातवीलाच संपत होती. इथे जागा मिळाली नाही तर ती आईबरोबर निंदायला जाणार, हे तिच्या गुरुजींनी अर्जासोबतच्या चिठ्ठीत लिहिलं होतं. ती चिठ्ठी वाचूनही मला दया आली नाही. उलट वाटलं, गुरुजींनीच तर उत्तर सांगितलं नसेल?

बसण्याचा तक्ता पाहिला तर अकरा जण तीन वेगवेगळ्या खोल्यांत. मग माझा संशय खोल्याखोल्यांत पाणी देत फिरणाऱ्या शिपायावर गेला. तोही खेड्यातलाच. दोन दिवस त्याच्याशी धड बोललो नाही.

पुरावा तर हवा, म्हणून पोरांची विभागणी केली. व्यस्त त्रैराशिक कोणाला येतं नि कोणाला नाही, हे पाहायला पेपरात हौदाचंही गणित होतं, नळ कमी केले तर हौद किती वेळात भरेल असं. ज्यांना ते जमलं नव्हतं त्यांनी निंदणाला सरसकट ‘तीन’ लिहिलं होतं, शहरातल्यांनीही आणि खेड्यांतल्यांनीही. फरक होता तो हुशार पोरांत. हौद बरोबर भरणाऱ्या शहरी पोरांचं उत्तर बारा आणि खेड्यांतल्यांचं तेरा. येत तर दोघांनाही सारखंच होतं. आता मला माझ्याच पेपराचा संशय येऊ लागला.

तोंडी परीक्षेला ती मुलगी आली. तिचा पेपर समोरच पडला होता. लाल शब्द तिनं वाचला आणि मान खाली घातली.

“तेरा कुठून आणलेस?” मी विचारलं.

“बुधवार ते सोमवार सहा दिवस, गुरुजी. मंगळवारी बाजार. बाजाराच्या दिवशी निंदाले कोन जाते? मंग पुन्हा सहा दिवस. झाले ना तेरा.”

“मग हौदाच्या गणितात बाजार का नाही धरलास?”

“नळाले कुठं बाजार असते?”

माझे वडील शेगावला दुकानात कामाला होते. बाजाराचा दिवस म्हणजे आमच्या घरी सगळ्यात जास्त कामाचा. त्या दिवशी कोणी काम बंद ठेवतं, हे मला ठाऊकच नव्हतं, आणि मी निंदणाचं गणित घालायला निघालो होतो. फार लाज वाटली.

हेडमास्तरांकडे जाऊन सगळं सांगितलं. ते माझ्याहून संशयी.

“त्या पोरीच्या घरचं कोणी भेटून गेलं काय तुम्हाला?” त्यांनी चष्म्यावरून पाहत विचारलं.

मी पोरांच्या विभागणीचा कागद त्यांच्यापुढे ठेवला. बराच वेळ त्यांनी तो न्याहाळला, शिपायाला बोलावून बाजाराची खात्री करून घेतली आणि मग बारा व तेरा दोन्ही बरोबर धरायला सांगितलं. अकराही पेपरांवरचा ‘नक्कल’ मी खोडला, खाली सही केली. मुलीला जागा मिळाली.

जूनमध्ये ती पत्र्याची पेटी घेऊन आली. मीच तिला तिचा पेपर दाखवला, खोडलेलं दिसावं म्हणून. तिनं नीट पाहिला, पण जागची हलली नाही.

“गुरुजी, एक इचारू? बारावाल्याइचं बी सगळ्याइचं सारखंच होतं ना. मंग त्याइच्या पेपरावर काऊन नाही लिव्हलं?”

“जा आत, जेवणाची घंटा झाली,” एवढंच मी म्हणालो.