पुठ्ठ्याचं कार्ड

दहाव्याला नदीवर कावळा शिवेना, तिथून हे सगळं सुरू झालं. माझा पाठचा भाऊ गेला होता. पॉलिटेक्निकच्या शेवटच्या वर्षाला होता, तापाचं निमित्त झालं आणि बघता बघता हातचा गेला. पिंड ठेवले, सगळे लांब सरकून उभे राहिले, आणि कावळे बाभळीवर बसून नुसते आमच्याकडे बघत राहिले. आमच्याकडे अशा वेळी गेलेल्याच्या मनात काय राहिलं असेल ते एकेकानं ओळखायचं आणि मोठ्यानं शब्द द्यायचा. काका म्हणाले, "तुह्या मायबापाले आमी पाहू रे, तू जाय सुखानं." कावळा हलला नाही. मामा म्हणाले, "तुह्या बहिनीले आमी अंतर देनार नाई." तरी नाही. ऊन चढत चाललं, बायांच्या तोंडचं पाणी पळालं. मग भावाचा एक मित्र बाबांच्या कानाशी लागला. बाबा गुडघाभर पाण्यात उतरले, हात जोडले आणि ओरडले, "लेका, तुह्या कॉम्प्युटरचं कार्ड आनून देतो! वर्षाच्या आत देतो! सगळ्यात मोठं देतो!"

आणि कावळा उतरला.

मी चिखलीला एका शाळेत विज्ञान शिकवते. कावळ्याला भूक लागली म्हणून तो उतरला, हे मला तेव्हाही कळत होतं. पण खोटं कशाला बोलू, त्या क्षणी माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. आई तर वाळूतच बसली आणि म्हणाली, "शब्दावर गेला माहा लेक. आता शब्द पुरा करा."

हे कार्ड म्हणजे ग्राफिक्स कार्ड. पडद्यावरचं चित्र स्वच्छ आणि झरझर हलवणारा कॉम्प्युटरचा भाग, एवढंच मला त्याबद्दल ठाऊक होतं. भावाकडे जुना कॉम्प्युटर होता, कुठल्याशा ऑफिसनं काढून टाकलेला. डबा एवढासा, शाळेच्या दप्तरात बसावा असा. साखरखेर्ड्याच्या आमच्या घरात तो आईच्या शिलाई मशीनच्या टेबलावर ठेवलेला असायचा. त्यावर घरांचे नकाशे उभे करताना चित्र अडकत अडकत फिरायचं, आणि गेम तर सुरूच व्हायचा नाही. बाबांना तो सांगायचा की कार्ड नकाशांसाठी पाहिजे, मला सांगायचा की गेमसाठी. बाबा म्हणायचे, "रेशन कार्ड हाय, आधार कार्ड हाय, आता हे कोनतं कार्ड काढलं बे? अंथरूण पाहून पाय पसराव मानसानं." तो हसत हसत मागायचा आणि बाबा हसत हसत टाळायचे. घरात भांडण असं कधी झालंच नाही त्यावरून.

त्याच्या माघारी आईनं त्या डब्याचं भिंतीवरचं बटण कोणाला बंद करू दिलं नाही. आमच्याकडे लाईट कधी जाते, कधी येते, काही धरबंध नाही. आणि त्या कॉम्प्युटरला एक खोड होती. लाईट आली की तो कोणी हात न लावता आपोआप सुरू व्हायचा. आधी आतला पंखा घरघरायचा, मग खोकल्याची उबळ यावी तसा अडखळायचा, मग पडदा निळा व्हायचा. आई हातातलं काम टाकून म्हणायची, "आला."

दिवसातून जितक्यांदा लाईट यायची तितक्यांदा हे "आला". मी सुट्टीत माहेरी गेले की माझी तळपायाची आग मस्तकात जायची. "आई, अगं सेटिंग असते ती. वीज आली की यंत्र सुरू होतं, त्यात काय!" ती शांतपणे म्हणायची, "तुह्या शाळेत सांग ते." आणि ताटावरून उठायची. दोन घास खायची, पुढचा घास हातात धरून त्या डब्याकडे बघायची आणि ताट सारायची. "त्याले कार्ड नाई भेटलं अजून. तो अटकून राह्यला व." तिच्या बांगड्या कोपरापर्यंत सरकायला लागल्या. डॉक्टर म्हणाले, दुखणं काही सापडत नाही. दुखणं काय होतं ते आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. वर्ष भरायच्या आत कार्ड बसलं नाही तर पोरगा असाच भटकत राहील, हा घोर तिनं जिवाला लावून घेतला होता, आणि तिचं अन्न त्या कार्डापाशी अडलं होतं.

एका दुपारी मी घरात एकटी होते. लाईट आली. पंखा घरघरला, खोकला, पडदा निळा झाला. मी दारात उभी होते आणि मला आत पाऊल टाकायचा धीर होईना. खुर्ची रिकामी होती, मला दिसत होती रिकामी. पण त्या रिकाम्या खुर्चीकडे पाठ करून मला स्वयंपाकघरात जाता येईना. विज्ञानाची बाई मी! भ्यायले, चक्क भ्यायले, आणि तशीच भिंतीला धरून बाजूबाजूनं अंगणात आले. आई शेजारून येईपर्यंत मी तुळशीपाशी उभी होते.

सोयाबीन घरात आलं, विकलं गेलं, आणि बाबा कोणाला न विचारता जालन्याला गेले. दुकानात जाऊन म्हणाले, सगळ्यात मोठं द्या. कोणत्या डब्यात बसवायचं, हे दुकानदारानं विचारलंही असेल. बाबांना एकच ठाऊक होतं, नदीत उभं राहून आपण काय बोललो ते. आणलं ते कार्ड असलं अवाढव्य की माझं हसू आणि रडू बरोबरच आलं. तीन पंखे, बाबांच्या कोपरापासून बोटांपर्यंत लांबी, वजन इस्तरीएवढं. डब्याशेजारी ठेवलं तर डब्याच्या बाहेर डोकं काढून बसलं. नाकापेक्षा मोती जड! मी मोबाइलवर व्हिडिओ पाहिला, पेचकस घेतला आणि डब्याचा पत्रा काढला, निदान आत जागा किती आहे ते बाबांना दाखवावं म्हणून.

आत धूळ होती, आणि कार्ड जिथं खोचतात त्या खाचेत पुठ्ठ्याचा एक तुकडा उभा खोचलेला होता. बियाण्याच्या खोक्याचा पुठ्ठा, वर अर्धवट छापील अक्षरं. कात्रीनं नीट कापलेला, एक कोपरा थोडा जास्त झाला म्हणून पुन्हा तासलेला. वरच्या पत्र्याला टेकत नव्हता, बाजूच्या पत्र्यालाही टेकत नव्हता. मी तो अलगद बाहेर काढला, आणि काय आहे ते मला लगेच कळलं. भावानं कार्डाचं माप घेतलं होतं. आपल्या डब्यात केवढं कार्ड मावेल ते पुठ्ठा कापून, घालून, काढून, पुन्हा कापून बघितलं होतं. आईनं तो तुकडा माझ्या हातातून घेतला आणि नाकाला लावला.

बाबा तरी ऐकेनात. "मी सगळ्यात मोठं म्हनलो हाय. देवादेखत म्हनलो." दुकानदाराला फोन केला तर तो म्हणाला, मोठा डबा घ्या, सगळं त्यात हलवून देतो. त्यावर आई कडाडली, "त्याचा डबा बदलाचा नाई! दुसऱ्याच्या घरात कसा येईन तो?" मग मात्र माझा तोल गेला. मी पुठ्ठा बाबांच्या पुढ्यात धरला. "जन्मभर आम्हाला अंथरूण पाहून पाय पसरायला शिकवलंत ना? हे बघा, यानं पसरले होते अंथरूण पाहूनच. त्याला सगळ्यात मोठं नकोच होतं, बाबा. त्याच्या डब्यात मावेल ते पाहिजे होतं." बाबांनी पुठ्ठा उलटा केला, सुलटा केला. मग उंबऱ्यावर बसले आणि ढसाढसा रडले. नदीवरसुद्धा रडले नव्हते. "एवढंसं तं मांगत होता," म्हणाले, "एवढंसं."

आम्ही दोघं जालन्याला गेलो. डबा गोधडीत गुंडाळून मी एसटीत मांडीवर घेतला होता, आणि वाटेतल्या प्रत्येक खड्ड्याला बाबा त्यावर हात ठेवत होते. दुकानदार आधी वैतागला, मोठं कार्ड परत घ्यायला कुरकुरला, पण बाबांचं तोंड बघून घेतलं. त्यानं काऊंटरवर एकेक कार्ड मांडलं. पहिलं उंचीला जास्त, डब्याचं झाकण लागलं नसतं. दुसरं अर्ध्या उंचीचं, पण त्याला वीज पुरवणारी वेगळी वायर लागते, आणि या छोट्या डब्याच्या वीजपेटीला तसली वायरच नव्हती. तिसरं जाडीला डबल, शेजारच्या पत्र्यावर घासलं. शेवटी एक निघालं बारीकसं, एकच पंखा, वीज खाचेतूनच घेणारं, आणि मागे बसवायची आखूड पट्टी त्याच्या खोक्यातच दिलेली. मी पर्समधून पुठ्ठा काढून त्यावर ठेवला. सूतभरही फरक नव्हता. बाबांनी विचारलं, "याच्यात मावनाऱ्यात याच्याहून मोठं नाई ना?" दुकानदार म्हणाला, "काका, याच्यापुढं डबाच फोडावा लागेल." बाबांनी समाधानानं मान हलवली. दुकानदारानं कार्ड बसवलं, धूळ उडवली, पंख्याला तेल दिलं. आम्ही निघताना म्हणाला, "ताई, लाईट आली की हा आपोआप सुरू होत होता. मी बंद केलंय ते." मी म्हटलं, बरं केलंत. मला खरोखरच सुटल्यासारखं झालं.

घरी आणून लावला. भावानं काढलेलं एक घर पडद्यावर उघडलं आणि ते कुठेही न अडकता गरगर फिरलं, जिना, गच्ची, मागची खिडकी, सगळं. आईनं डब्यापुढे दिवा लावला, शिरा केला. बाबांनी नदीच्या दिशेला तोंड करून हात जोडले. त्या संध्याकाळी आईनं अख्खी भाकरी खाल्ली, वर ठेचा मागून घेतला. मी तिच्याकडे बघत बसले आणि मनात म्हटलं, जिंकलो.

दुसऱ्या दिवशी आई भाकऱ्या थापत होती आणि लाईट गेली. थोड्या वेळानं आली. स्वयंपाकघरातला बल्ब लागला, शेजारचा टीव्ही बोलायला लागला. आईचे हात परातीत थांबले. ती कान देऊन बसली. तव्यावरची भाकरी करपायला लागली तरी तिनं उलटली नाही.

"लाईट आली का व?"

"आली."

"मंग?"

मी सांगितलं, दुकानदारानं ती सेटिंग बंद केली आहे, बटण दाबलं की सुरू होतो, चल दाखवते. तिनं ऐकलंच नाही. पिठाचे हात तसेच घेऊन ती त्या खोलीत गेली. डबा मुका होता, पडदा काळा. "गेला तो," ती म्हणाली. मग माझ्याकडे वळली, आणि तिचा असा आवाज मी जन्मात ऐकला नव्हता. "काऊन बसवलं व तुमी? भटकत होता तं घरातच भटकत होता नं! आता कुठं पाहू मी त्याले?"

मी म्हणू शकले असते, तूच तर मागे लागली होतीस. एरवी म्हटलंच असतं, मी कोणाचं ऐकून घेणारी नाही. पण घर इतकं शांत झालं होतं की मलाच ते सोसेना.

"काढ ते," आई म्हणाली. "त्याले म्हन, अजून आनाचं हाय."

मी पेचकस आणला. कार्ड काढून त्याच्या खोक्यात घातलं आणि खोकं कपाटात साड्यांच्या मागं ठेवलं. खाचेत पुठ्ठा पुन्हा खोचला, तासलेला कोपरा मागे, होता तसाच. मग दुकानदाराला फोन लावून विचारलं, ती आपोआप सुरू व्हायची सेटिंग परत कशी करायची. तो म्हणाला, "ताई, अहो खराब होईल तो." मी म्हटलं, होऊ द्या, तुम्ही सांगा. त्यानं सांगितलं तशी बटणं दाबत गेले. तिन्हीसांजेला लाईट जाऊन आली तेव्हा पंखा घरघरला, फक्त आता खोकला नाही. आई चुलीपाशी होती. "आला," ती म्हणाली आणि भाकरी उलटली. बाबा ओसरीवर होते. त्यांनीही ऐकलं असणार, पण ते आत आले नाहीत.

वर्षश्राद्धाला सगळे जमले. काका म्हणाले, "शब्द पुरा केला, आता चिंता नाई, कावळा खटकन येईन पाहा." बाबा खाली बघत राहिले. पान वाढून अंगणाच्या भिंतीवर ठेवलं. आणि खरंच, कोणी हात जोडायच्या आत कावळा येऊन भिंतीवर बसला. बाया पुटपुटल्या, "आला, आला." आई ताडकन उठली. टाळ्या वाजवत, पदर झाडत भिंतीकडे धावली. "हाड! जाय! हात नको लावू! अजून बसवलं नाई त्याचं!"

काका दचकून म्हणाले, "वहिनी, हे काय करून राह्यल्या?" कोणाला काही कळेना. मामा माझ्याकडे बघत होते, तू शिकलेली, तू आवर तिला, अशा नजरेनं. कावळा शेजारच्या पत्र्यावर जाऊन बसला, मान वाकडी करून पानाकडे बघत. भुकेला पक्षी होता, दुसरं काही नाही. मुलांना मी हेच शिकवते. तो पुन्हा पंख पसरून भिंतीकडे उतरायला लागला, तेव्हा मी खाली वाकून खडा उचलला.